‘कुल्ला’ या शब्दाचा अर्थ आणि उगम : दंतवैद्यांच्या खुर्चीत उद्भवलेला प्रश्न

ओंजळभर

गेल्या महिन्यात आईची दाढ काढण्यासाठी तिला दंतवैद्यांकडे घेऊन गेलो होतो. आईचे वय अठ्ठ्याहत्तर, सगळा जन्म सांगलीकडच्या खेड्यात गेलेला, आणि हिंदीशी संबंध दूरदर्शनवरच्या मालिकांपुरता. डॉक्टर तरुण, उत्तरेकडून नुकतेच पुण्यात आलेले आणि बोलण्यात अतिशय मृदू होते. दाढ निघाली, रक्त थांबले, आणि त्यांनी बाजूच्या पेल्याकडे बोट दाखवत आईला सांगितले, “माताजी, अब कुल्ला कीजिए.” आईने पेल्याकडे पाहिलेच नाही. तिने एकदा माझ्याकडे पाहिले, सुस्कारा सोडला आणि त्या कलत्या खुर्चीत, तोंडात कापसाचा बोळा असताना, निमूटपणे डाव्या कुशीवर वळू लागली. इंजेक्शन आता तिकडे द्यायचे राहिले असणार, अशी तिची समजूत झाली होती.

मी तिला सरळ केले, चूळ भरायला लावली, आणि डॉक्टरांना काय सांगावे ते न सुचल्यामुळे नुसताच हसलो. परंतु घरी परतताना रिक्षात मनात जे प्रश्न आले ते येथे मांडतो. आपला ‘कुल्ला’ आणि हिंदीतला चूळ भरण्याचा ‘कुल्ला’ यांचा काही संबंध आहे का? आपला कुल्ला आला कोठून? आणि ढुंगण, बूड, कुल्ला हे शब्द एकाच अर्थाचे आहेत की त्यांत काही भेद आहे? विषय थट्टेचा वाटला तरी उत्तरे गंभीरपणे द्यावीत, ही विनंती.

वाटसरू

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण त्याचे उत्तर आपण सगळेच जाणतो, फक्त त्याकडे कधी लक्ष देत नाही. कुल्ला मोजता येतो, ढुंगण मोजता येत नाही. ‘डाव्या कुल्ल्यावर गळू झाले आहे’ असे आपण म्हणतो. ‘डाव्या ढुंगणावर’ असे कोणीही म्हणणार नाही. कुल्ले दोन असतात आणि ढुंगण एकच असते, कारण ढुंगण म्हणजे तो सगळा प्रदेश, त्याच्या कामकाजासकट. म्हणूनच मूल ‘ढुंगण धुवायला’ आईला हाक मारते, कुल्ले धुवायला नव्हे. मार मात्र कुल्ल्यावरही बसतो आणि ढुंगणावरही, परंतु चिमटा काढायचा असेल तर तो कुल्ल्यालाच.

बुडाचे काम याहून निराळे आहे. बूड म्हणजे जो भाग जमिनीला टेकतो तो. माणूस बूड टेकवतो, आळशी माणसाचे बूड हलत नाही आणि अस्वस्थ माणसाचे बूड एका जागी ठरत नाही. या तीन वाक्यांत कुल्ला घालून पाहावा. एकही वाक्य धड उभे राहत नाही.

सौजन्यमूर्ती

या संस्थळावर स्त्रिया आणि ज्येष्ठ नागरिकही वाचन करतात, याचे भान राखून विषय निवडले जावेत, असे नम्रपणे सुचवतो. मराठीत नितंब, पार्श्वभाग असे सुसंस्कृत शब्द उपलब्ध असताना ही चर्चा नेमकी कशासाठी?

तिखटमीठ

सौजन्यमूर्ती, मी स्त्री आहे आणि माझे वय बासष्ट आहे, तेव्हा आपण ज्यांची काळजी वाहत आहात त्या दोन्ही वर्गांच्या वतीने उत्तर देते. दोन मुले आणि तीन नातवंडे यांची ढुंगणे मी धुतली आहेत. एकाही बाळाचा पार्श्वभाग धुतल्याचे मला स्मरत नाही.

आणि सुसंस्कृत शब्दांचीही थोडी चौकशी केलेली बरी. ‘पार्श्व’ म्हणजे संस्कृतात बाजू, कूस. मराठीने तिला पाठीमागे नेले, त्यामुळे आपल्याकडे पार्श्वभूमी मागची झाली आणि पार्श्वगायन पडद्यामागचे झाले. पार्श्वभागाचे सोवळे असे एका गैरसमजावर उभे आहे. नितंब हा शब्द तर संस्कृत कवी डोंगराच्या उतरणीलाही वापरतात, पण ती उतरण पाहताना त्यांच्या मनात दुसरे काही नसते अशी खात्री मी देणार नाही. आणि ‘जघन’ म्हणजे शरीराचा कमरेखालचा मागचा भाग; त्यावरून ‘जघन्य’, म्हणजे सर्वांत मागचा, म्हणून हीन. वर्तमानपत्रे ‘जघन्य कृत्य’ असे छापतात तेव्हा मुळात कोणता अवयव छापला जात आहे, हे आपण लक्षात घ्यावे.

नाडीपरीक्षा

मी व्यवसायाने डॉक्टर आहे आणि गेली बावीस वर्षे तालुक्याच्या गावी दवाखाना चालवतो. मूळ धागाकर्त्याच्या आईंचा गैरसमज मला अजिबात अस्वाभाविक वाटत नाही, कारण कुल्ला हा शब्द आमच्याकडे मुख्यतः इंजेक्शनच्याच संदर्भात येतो, आणि तोही उच्चारला न जाता. रुग्ण विचारतो, “दंडात देणार की कमरेत?” प्रत्यक्षात कमरेत इंजेक्शन कोणीही देत नाही. ते कुल्ल्यात दिले जाते, आणि तेथेही कोठेही नव्हे. कुल्ल्याचे मनातल्या मनात चार भाग करून वरच्या-बाहेरच्या चतुर्थांशात सुई टोचावी, असे शिकवले जाते, कारण आतल्या आणि खालच्या बाजूने शरीरातली सर्वांत जाड नस जाते. सायटिकाच्या दुखण्याला जिचे नाव मिळाले आहे तीच ही नस. तिला सुई लागली तर पाऊल लुळे पडू शकते. म्हणजे वाटसरू म्हणतात तो मोजता येणारा, डावा-उजवा असणारा कुल्ला आमच्या शास्त्राला अगदी हवा तसा शब्द आहे. ढुंगणाचे चतुर्थांश करता येणार नाहीत. तरीही बावीस वर्षांत ‘कुल्ल्यात द्या’ असे म्हणणारे रुग्ण मला हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच भेटले. बाकी सर्वांना तेथे ‘कंबर’ असते, आणि गळू झाले तर ते ‘बसायच्या जागी’ होते.

आणखी एक गोष्ट. हिंदीत ‘कूल्हा’ असा शब्द आहे आणि त्याचा अर्थ आपण ज्याला खुबा म्हणतो तो. हिंदी वर्तमानपत्रात ‘कूल्हा प्रत्यारोपण’ असा मथळा येतो तेव्हा एखाद्या वृद्धाच्या खुब्याचा सांधा बदललेला असतो, पण मराठी वाचकाला क्षणभर भलतेच दृश्य दिसते. तेव्हा आपल्या कुल्ल्याचा हिंदीतला भाऊ शोधायचा असेल तर तो चूळ भरण्याच्या ‘कुल्ल्या’त न शोधता या कूल्ह्यात शोधावा, असे माझे मत आहे.

आगाऊ_कार्टा

उगमाविषयी मला एक उपपत्ती सुचली आहे. संस्कृतात ‘कूल’ म्हणजे नदीचा काठ. काठाच्या दिशेने ते अनुकूल आणि विरुद्ध दिशेने ते प्रतिकूल. आता नदीला काठ दोनच असतात, मधून प्रवाह जातो, आणि दोन्ही काठ उंचवट्याचे असतात. एवढे सांगितल्यावर अधिक स्पष्टीकरणाची आवश्यकता नसावी.

तिखटमीठ

उपपत्ती बाद ठरली तरी चालेल, परंतु ती सुचल्याबद्दल आपले अभिनंदन.

हस्तलिखित

आगाऊ_कार्टा यांची उपपत्ती रम्य आहे, परंतु ती एका अक्षरावर अडते, आणि ते अक्षर म्हणजे ळ.

मराठीचा एक जुना आणि बऱ्यापैकी काटेकोर नियम आहे. संस्कृत शब्दात दोन स्वरांच्या मध्ये एकटा ल असेल तर तो मराठीपर्यंत येताना ळ होतो. फल-चे फळ झाले, काल-चा काळ झाला, मूल-चे मूळ झाले. परंतु प्राकृतात जेथे ल-चे द्वित्त होते, म्हणजे ल्ल होता, तेथे मराठीत ल टिकून राहतो. ‘कल्य’ याचे प्राकृतात ‘कल्ल’ झाले आणि त्यापासून आपला ‘काल’ म्हणजे मागचा दिवस आला. तैल, तेल्ल आणि मग तेल. बिल्व, बेल्ल आणि मग बेल. त्यामुळेच मराठीत काळ आणि काल हे दोन वेगळे शब्द शेजारी शेजारी सुखाने नांदतात, आणि हिंदीला ही ळ-ची सोय नाही.

या नियमाचे सर्वांत सुबक उदाहरण योगायोगाने या धाग्यातच पडलेले आहे. ‘चुलुक’ म्हणजे ओंजळभर, घोटभर पाणी. ब्रह्मदेवाच्या याच चुलुकातून आपला मूळपुरुष उत्पन्न झाला, अशी कथा चालुक्य घराण्याविषयी सांगितली जाई. या शब्दात ल एकटा आहे, म्हणून त्याची मराठीत झाली चूळ. आणि ‘चुल्ली’ म्हणजे अन्न शिजवण्याची जागा. तेथे ल जोडीने आहे, म्हणून तिची झाली चूल. एका ल-च्या फरकाने एक शब्द मोरीत गेला आणि दुसरा स्वयंपाकघरात.

आता कुल्ल्याकडे येऊ. तो नदीच्या ‘कूल’पासून आला असता तर आज आपण ‘कुळा’ म्हटले असते. तसे कोणीही म्हणत नाही. बोलीत ‘कुला’ आणि ‘कुल्ला’ अशी दोन्ही रूपे ऐकू येतात, आणि दोहोंत ल आहे. याचा अर्थ मागे कोठेतरी प्राकृताच्या पायरीवर या शब्दात जोडीचा ल असला पाहिजे. हा निष्कर्ष मराठीपुरता नाही. गुजरातीतही फळ आणि काळ हे ळ-नेच म्हणतात, तेल आणि काल हे ल-नेच. आणि या अवयवाला गुजरातीत ‘कूलो’ म्हणतात, तेथेही ल-च आहे. दोन बहिणींनी स्वतंत्रपणे एकच साक्ष दिली की ती मानावी.

या शब्दाला संस्कृत पूर्वज मात्र दाखवता येत नाही. नितंब, श्रोणि, जघन आणि स्फिच् हे संस्कृतातले शब्द घेतले तरी ध्वनींच्या कोणत्याही नियमाने त्यांतल्या एकाचाही कुल्ला होत नाही. हेमचंद्र या जैन आचार्याने बाराव्या शतकात अशा संस्कृतातून न साधणाऱ्या शब्दांचा एक कोशच रचला आणि त्यांना देशी म्हटले. कुल्ल्याची बिरादरी तीच. तो पोथीतून उतरलेला नाही, तोंडातून तोंडात आलेला आहे.

ओंजळभर

हस्तलिखित, आपला प्रतिसाद मी दोनदा वाचला. मग हिंदीतल्या चूळ भरण्याच्या कुल्ल्याचे काय?

हस्तलिखित

तो निव्वळ योगायोग आहे. हिंदी भाषकाच्या कानाला ‘कुल्ला’ आणि ‘कूल्हा’ हे दोन वेगळे शब्द आहेत. एकात उकार ऱ्हस्व आहे, दुसऱ्यात दीर्घ, आणि वर ल-ला ह चिकटलेला. मराठीने तो ह ठेवला नाही, त्यामुळे आपला शब्द नेमका हिंदीतल्या दुसऱ्याच शब्दासारखा दिसू लागला. आपल्या मातोश्री ज्या फटीत सापडल्या ती फट या एका ह-ची आहे.

माडाखालची

गोव्यातही हा शब्द आहे. कोंकणीत एकवचनी कुलो आणि अनेकवचनी कुले, आणि तेथेही ल-च आहे, ळ नाही. म्हणजे हस्तलिखित यांच्या बाजूने तिसरी बहीणही साक्षीला उभी आहे. वाटसरू यांचा मोजण्याचा मुद्दाही आमच्याकडे तंतोतंत लागू पडतो.

कोंकणीतली आणखी एक गंमत सांगते. एखाद्या वस्तूच्या खाली, तळाशी, असे सांगायचे असेल तर आम्ही ‘पोंदा’ म्हणतो. मेजापोंदा मांजर बसते, खाटीपोंदा चपला असतात. हिंदीत भांड्याच्या तळाला पेंदा म्हणतात, त्याची आठवण व्हावी असाच हा शब्द आहे. लग्न होऊन मी मुंबईला आले तेव्हा सासूबाईंना सांगितले की लाटणे पाटापोंदा गेले आहे, आणि त्या पाट उचलण्याऐवजी माझ्याकडेच पाहत राहिल्या. पोंद हा शब्द त्यांना केवळ शिवीसारखा ठाऊक होता.

घाटमाथा

माडाखालची यांच्या प्रतिसादावरून पुठ्ठा आठवला. बैलबाजारात बैल पाहताना जाणता माणूस आधी दात पाहतो, मग वशिंड पाहतो, आणि शेवटी मागे जाऊन पुठ्ठ्यावर थाप मारतो. पुठ्ठा भरलेला असला पाहिजे, कारण गाळात रुतलेली गाडी बैल खांद्याने ओढतो असे दिसत असले तरी जोर मागून येतो. बैलाला कुल्ला नसतो, ढुंगणही सहसा नसते. त्याला पुठ्ठा असतो. आणि वह्यांना घालतात तोही पुठ्ठाच. हे दोन शब्द एकच आहेत का?

हस्तलिखित

एकच आहेत, आणि येथे मात्र संस्कृत पूर्वज लख्ख दिसतो. ‘पृष्ठ’ म्हणजे पाठ, मागची बाजू. त्यातल्या ऋ-चे प्राकृतात कधी इ होई, कधी उ होई, म्हणून पिट्ठ आणि पुट्ठ अशी दोन्ही रूपे चालत. त्यातून जनावराचा मागचा भाग तो पुठ्ठा आणि पुस्तकाच्या पाठीला लावलेला जाड कागद तोही पुठ्ठा. पुस्तकाचे पृष्ठ आणि पुस्तकाचा पुठ्ठा हे एकाच बापाचे दोन मुलगे आहेत. एक शाळेत शिकला आणि एक बाजारात.

वाटसरू

आता ढुंगणाकडे वळावे, कारण त्याची बाजू अजून कोणी मांडलेली नाही. हा शब्द ढ-ने सुरू होतो, यातच त्याचे कूळ कळते. संस्कृतात ढ-ने सुरू होणारे शब्द फारच थोडे आहेत. मराठीत ते भरपूर आहेत, आणि त्यांतले बरेचसे फुगीर, अवजड, गोलसर किंवा ढिले काहीतरी दाखवतात. ढेरी, ढीग, ढिगारा, ढेकूळ, ढेप, ढोल, ढब्बू मिरची. या मांडणीत ढुंगण इतके चपखल बसते की त्याला व्युत्पत्तीची गरजच वाटू नये.

नातेवाईक मात्र उत्तरेला सापडतात. हरियाणवी आणि राजस्थानी बोलींत याच भागाला ‘ढूंगा’ म्हणतात. मी नोकरीनिमित्त हिसारला होतो तेव्हा तेथील एका म्हाताऱ्याने नातवाला ‘ढूंगे पे’ लाथ घालण्याची धमकी दिली आणि मला एकदम घरी आल्यासारखे वाटले. शेवटचा ण तेवढा आपण घातलेला आहे. विदर्भात त्याचा न होतो, कोकणात कोठे कोठे मधला स्वर लांबतो, परंतु ढ-ला कोणी हात लावत नाही.

आगाऊ_कार्टा

जाता जाता : ढ हे अक्षर ब्राह्मी लिपीत जसे लिहीत तसेच जवळपास आजही लिहितात, म्हणून जो विद्यार्थी कधीच पुढे जात नाही त्याला ‘ढ’ म्हणतात, असे आम्हांला शाळेत सांगितले होते. अक्षराचा आकार पाहता मला आज वेगळीच शंका येत आहे.

नाडीपरीक्षा

शंका मनातच ठेवावी. परंतु ढुंगणावरून एक वाक्प्रचार घेतो, कारण तो शरीरशास्त्राच्या दृष्टीने अचूक आहे. ‘ढुंगणाला पाय लावून पळणे’ हे आपण नुसते अलंकारिक समजतो. प्रत्यक्षात माणूस जिवाच्या आकांताने पळू लागला की गुडघा पूर्ण मिटतो, टाच वर येते आणि खरोखरच कुल्ल्याला जवळजवळ टेकते. शंभर मीटरच्या शर्यतीतील धावपटू बाजूने पाहावेत. हिंदीत याच प्रसंगी माणूस ‘सिर पर पाँव रखकर’ पळतो, जे कोणत्याही मानवी सांध्याला शक्य नाही. हा वाक्प्रचार ज्याने प्रथम वापरला त्याने कोणाला तरी पळताना नीट पाहिले होते.

तिखटमीठ

किंवा तो स्वतःच पळत असावा.

ढुंगणाच्या बाजूने मलाही थोडे सांगायचे आहे. आमची आजी चिमणी-कावळ्याची एक गोष्ट सांगत असे. कावळा चिमणीच्या घरात शिरून तिची खीर फस्त करतो, चिमणीच्या ते लक्षात येते, ती काही बोलत नाही, पाट चुलीपाशी तापवते आणि दुसऱ्या दिवशी पाहुण्याला मोठ्या आग्रहाने त्यावर बसवते. मग कावळा ‘हाय हाय, माझं ढुंगण भाजलं’ असे ओरडत उडून जातो. त्या एका वाक्यासाठी आम्ही भावंडे ती गोष्ट रोज ऐकत असू, आणि ते वाक्य आले की अंथरुणावर लोळत हसत असू. हीच गोष्ट नातवाच्या एका चित्रांच्या पुस्तकात मिळाली, तर तीत कावळ्याला नुसताच ‘चटका बसला’ होता. नातू हसला नाही. त्याने विचारले, “कुठे?” मी सांगितले. मग तो हसला, आणि पुन्हा सांग म्हणाला.

सौजन्यमूर्ती म्हणतात तशी ही अश्लीलता असती तर चार वर्षांच्या मुलाला ती कळायला नको होती. ढुंगण हा मुळात मुलांच्या घरातला शब्द आहे. त्याचे ‘ढुंगू’ करता येते. नितंबाचे लाडके रूप कोणी करून दाखवावे.

कात्री_फीत

आमच्या दुकानातला शब्द अजून आलेला नाही, म्हणून लिहितो. वडिलांपासून आमचा शिंपीकामाचा व्यवसाय आहे. पँटचे माप घेताना आम्ही कंबर घेतो, त्यानंतर सीट घेतो, मग मांडी, गुडघा आणि मोहरी. सीट म्हणजे कुल्ल्यांवरून जेथे घेर सर्वांत मोठा येतो तेथे फिरवलेली फीत. गिऱ्हाईक पुरुष असो की स्त्री, या शब्दाने कोणी संकोचत नाही. ‘सीटला जरा सैल ठेवा’ असे मोठमोठे अधिकारी आमच्या दुकानात सर्वांसमक्ष सांगतात. वडिलांच्या वहीत मापे एकाखाली एक लिहिलेली आहेत, क. ३२, सी. ३८, अशी, आणि त्यांतल्या ‘सी’चा अर्थ मला बराच मोठा होईपर्यंत कळला नव्हता, कारण घरात त्याला सीट कोणी म्हणत नसे. आईला लुगड्याचे कापड कमी पडले की ती साफ सांगायची, ‘कुल्ल्यावर ओढतंय.’

हस्तलिखित

बुडाविषयी राहिले होते. वाटसरू यांनी म्हटले तसे ते टेकणाऱ्या भागाचे नाव आहे, आणि म्हणूनच ते माणसापुरते उरलेले नाही. पातेल्याला बूड असते, झाडाला बूड असते, दूध बुडाला लागते. पाककृतीत ‘जाड बुडाचे पातेले घ्यावे’ असे निःसंकोच छापतात. आरोप बिनबुडाचे असतात आणि ते विधिमंडळाच्या सभागृहातही तसेच असतात. तेथे अध्यक्ष तो शब्द कामकाजातून काढून टाकत नाहीत. भांड्याच्या आडोशाने या शब्दाला जी प्रतिष्ठा मिळाली ती कुल्ल्याला आणि ढुंगणाला कधीच मिळू शकली नाही, कारण त्यांना माणसाच्या अंगाबाहेर दुसरे काम नाही.

याच अर्थक्षेत्रात वेदकाळापासूनचा ‘बुध्न’ हा शब्द आहे. बुध्न म्हणजे तळ. पंचांग पाहणाऱ्यांना ‘अहिर्बुध्न्य’ ठाऊक असेल. उत्तराभाद्रपदा नक्षत्राची ती देवता, म्हणजे तळाशी राहणारा सर्प. बुध्नपासून प्राकृतात बुंध झाला आणि मराठीत झाडाचा बुंधा झाला, हे सरळ आहे. इंग्रजीतला बॉटम हा शब्दही याच बुध्नाचा दूरचा चुलतभाऊ आहे, आणि त्यानेही तळापासून सुरुवात करून शेवटी माणसाच्या बैठकीपर्यंतचा प्रवास केला. बूड मात्र मी सरळ बुध्नाच्या ओळीत बसवणार नाही, कारण त्यातला ड त्या वाटेने येत नाही. अर्थाने ते शेजारी आहेत. रक्ताचे नाते आहेच असे आग्रहाने म्हणू नये.

सौजन्यमूर्ती

मी धागा पूर्ण वाचला. माझा मूळ आक्षेप मी मागे घेत नाही, परंतु जघन्य या शब्दाविषयीची माहिती मला नवीन होती. एक शंका आहे. कुल्ला, ढुंगण आणि बूड यांच्याहून जो अधिक प्रचलित शब्द आहे त्याचा उल्लेख अद्याप कोणीही कसा केला नाही?

वाटसरू

कारण तो केला की संपादक मंडळ धागा वाचनमात्र करते. शिवाय तो शब्द आता अवयवाचे नाव म्हणून फारसा वापरला जात नाही. तो धैर्य, भीती, आळस, कर्ज आणि मित्र यांच्याविषयी बोलताना वापरला जातो. त्याला स्वतंत्र धागा हवा.

ओंजळभर

सर्वांचे आभार. काल आईला टाके काढण्यासाठी पुन्हा त्याच डॉक्टरांकडे नेले होते. मागच्या वेळी काय घडले ते मी त्यांना या खेपेस, हा धागा वाचल्याच्या बळावर, सविस्तर समजावून सांगितले. ते आधी कानापर्यंत लाल झाले आणि मग खूप हसले. मराठीत काय म्हणतात ते त्यांनी विचारून घेतले, दोन वेळा मनाशी घोकले, आणि टाके निघाल्यावर पेला स्वतः आईच्या हातात देत अगदी आदराने म्हणाले, “आजी, चूल भरा.”

ळ त्यांना आला नाही. आईने या वेळी पेल्याकडे पाहिले, तोंड धुतले, आणि बाहेर आल्यावर मला म्हणाली, “पोरगं गुणी आहे, पण चूल सारवतात, पेटवतात. भरत नाहीत, एवढं सांग त्याला.”